आरशाची दोन भोकं

मिस्त्रीकाकांनी ड्रिल हातात घेतलं, बिट घट्ट केलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"एकदा परत वाच," ते म्हणाले. "पत्र्याला भोक पडलं की पडलं. मग कितीही हळहळलं तरी ते बुजत नाही."

तिने कागद उजेडाकडे धरला. ट्रकच्या कारखान्यातून आलेला मापांचा जुना तक्ता. घड्यांवर विरलेला, बाबांनी मागून चिकटपट्टी लावून जपलेला. "दाराच्या पुढच्या कडेपासून तेवीस सेंटिमीटर. खिडकीच्या काठापासून खाली अकरा. दोन भोकांमध्ये सात."

मापं तिने सकाळीच नव्या टेपने घेतली होती. दारावर पेन्सिलीच्या दोन बारीक फुल्या होत्या.

ट्रक बाबांचा. लांब नाकाचा, गोल दिव्यांचा. पत्र्याच्या धंद्यात त्यांनी तो तीस वर्षं चालवला, मग तो घरामागच्या शेडमध्ये बारा वर्षं उभा राहिला, आणि काम सुटल्यावर त्यांनी त्याला एकेका नटापासून उभं केलं. दाराची गंजून चाळण झाली होती. तो पत्रा कापून त्यांनी नवा बसवला. नव्या पत्र्यावर आरशाची भोकं तेवढी पाडायची राहिली, आणि त्यांना झटका आला. उजवा हात महिन्याभरात कामापुरता सावरला. वाचा मात्र परत आली नाही.

तरी ते शेडमध्ये जातच राहिले. एका दुपारी ती गोळ्या घेऊन गेली, तर त्यांच्या मांडीवर वही उघडी होती. तुटक्या, थरथरत्या अक्षरात तीन आकडे: ३३, २१, १७. शेजारी कारखान्याचा कागद. त्यावर २३, ११, ७.

तिची सगळी नोकरी छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका हुडकण्यात गेली होती. तिने खिशातलं लाल पेन काढलं आणि तिन्ही आकड्यांभोवती गोल काढले.

"बाबा, हे बघा. आरशाचा पाय तळहाताएवढा. तो सतरावर बसेल कसा?"

बाबांच्या घशातून नुसते आवाज आले. त्यांनी आपली टेप ओढून तिच्यापुढे धरली. तिचं बोट पकडून पट्टीवर टेकवलं. तिने सोडवून घेतलं, तर पुन्हा पकडून तिथेच टेकवलं. लहान मूल आपलं खेळणं दाखवतं तसं. तिने ती टेप त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की अशा आजारात आकड्यांचा गोंधळ होऊ शकतो. यंत्रांपासून लांब ठेवा. त्याच संध्याकाळी तिने शेडला कुलूप घातलं.

दोन महिने बाबा मागच्या खिडकीशी बसून त्या कुलपाकडे बघत राहिले. मग गेले.

तू केलंस ते बरोबरच केलंस, असं सगळे म्हणाले. एखादं बोट गेलं असतं म्हणजे, असं भाऊ म्हणाला. तीही तेच म्हणत होती. मन खायला उठलं की ती वही काढायची. तेवीसचे तेहतीस, अकराचे एकवीस, साताचे सतरा. ते तीन लाल गोल पाहिले की तिला जरा झोप लागायची.

मिस्त्रीकाका बाबांचे उभ्या जन्माचे जोडीदार, पत्र्याच्या कामातले. वर्षभर ते लांब मुलाकडे होते. गेल्या आठवड्यात परतले आणि थेट इथे आले. वेळेवर पोचलो नाही, निदान दार तरी पुरं करून देतो, एवढंच बोलले.

"घ्या ड्रिल," असं आता ती म्हणणार, तोवर काका हत्यारांच्या पेटीत हात घालून काहीतरी शोधायला लागले.

"काय हवंय?"

"त्याची टेप. नव्या टेपवर आणि नव्या जावयावर पहिल्या दिवशी विसंबायचं नाही, असं तुझा बाप म्हणायचा. मग स्वतः जावई झाला, तेव्हा सासऱ्याकडून त्यालाच ऐकावं लागलं ते." टेप मिळाली. काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पट्टी दाराच्या पुढच्या कडेला अंगठ्याने दाबून धरली आणि फुलीपर्यंत नेली. "तेहतीस. बरोबर."

"तेवीस, काका."

"तेच ते. हिच्यावर तेहतीस." ते खिडकीच्या काठाकडे वळले. "एकवीस. बरोबर." मग दोन फुल्यांच्या मध्ये. "सतरा. झकास. दे ते ड्रिल."

ती जागची हलली नाही. "सात आहेत ते. सतरा कसे?"

काकांनी पट्टीचं टोक तिच्यासमोर धरलं. टोकाची आकडी तुटलेली होती. तिथून पुढे बोटभर पट्टी चेपलेली, त्यावरचे आकडे पार पुसलेले.

"हिला सुरुवातच कुठे आहे? वीस वर्षं झाली तुटून. आम्ही दहाची रेघ कडेला धरतो आणि तिथून मोजतो. कागदावर सात असले की हिच्यावर सतरा धरायचे. नवी घे म्हणून किती डोकं फोडलं मी त्याच्यापाशी. म्हणायचा, हात बसलाय हिच्यावर." काका स्वतःशीच हसले. मग त्यांचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "एवढी इथे वावरलीस, आणि तुला कधी सांगितलं नाही त्याने?"

तिने पट्टी हातात घेतली. दहाच्या रेघेवर बोट ठेवलं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.