समोरची खुर्ची

नात आत गेली आणि दार लागलं. आजी बाहेरच्या बाकावर बसली.

ती या शाळेत समुपदेशक होती तेव्हा हा बाक तिनेच मागून घेतला होता, पालकांसाठी. "इथे बसायचं, दाराला कान लावायचा नाही, आणि मूल बाहेर आलं की काय बोललास म्हणून खोदून विचारायचं नाही," असं ती प्रत्येक आईबापाला बजावायची. बाक इतका अरुंद आहे हे तिला आज कळलं.

शिपाई पाण्याचा जग घेऊन चालला होता. तिला बघून थबकला.

"बाई! उंची मोजायला आलात की काय?"

"आता घटतेय रे. मोजून काय करू?"

दोघंही हसले. हा विनोद आता या शाळेत त्या दोघांनाच कळण्यासारखा होता. तेव्हा समुपदेशन हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नव्हता. पोरं सरळ 'वेड्यांची खोली' म्हणायची आणि तिकडे फिरकायची नाहीत. म्हणून तिने दारावर पाटी लावली, 'उंची-वजन तपासणी', आणि भिंतीवर खरोखरच उंचीच्या खुणा रंगवून घेतल्या. मग एकेक जण यायला लागला. "बाई, माझी उंची मोजायची राहिलीय." एक मुलगा तर एका आठवड्यात दोनदा उंची मोजून जायचा. "त्याला काय खत घालता का?" वर्गशिक्षकांनी विचारलं होतं. "थोडं थोडं," तिने चेहरा सरळ ठेवून सांगितलं.

आता दारावर स्वच्छ अक्षरांत 'समुपदेशन कक्ष' लिहिलं होतं, आणि मघाशीच एक मुलगी मैत्रिणीला "आले गं जाऊन" असं ओरडून सांगत या दारातून आत जाऊन आली होती. आजीला बरं वाटलं. थोडं सुनंसुनंही वाटलं.

नातीने महिनाभर वर्गात पाऊल टाकलं नव्हतं. सकाळी दप्तर भरायची, चपला घालायची आणि पोट धरून दाराशीच खाली बसायची. डॉक्टर झाले, औषधं झाली. आजीने आपल्या सगळ्या युक्त्या लावून पाहिल्या. भाजी निवडताना, वेणी घालताना, दिवा मालवून पडल्यापडल्या. पोरीने ओठ मिटले ते मिटलेच. "जगाची पोरं बोलती केलीस, आई," नातीचा बाप म्हणाला होता, "घरचं एक तेवढं राहिलं." चिडून नव्हता म्हणाला. म्हणूनच जास्त लागलं.

दार उघडलं. इतक्या लवकर उघडायला नको होतं. नवी समुपदेशक बाहेर आली. ही आजीच्याच प्रशिक्षण वर्गात तयार झालेली. पुढे बसून शब्द न् शब्द उतरवून घ्यायची.

"बाई, ती म्हणतेय, आजी आत आली तर सांगेन." मग जरा अडखळून, "पण आजी म्हणून यायचं म्हणे. शाळेतल्या बाई होऊन नाही."

आत गेल्यावर आजीचे पाय सवयीने टेबलामागे वळले. तिने ते आवरले आणि नातीशेजारी, टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. मुलांच्या या खुर्च्या खिडकीकडे तोंड करून तिनेच मांडल्या होत्या. मुलाला मैदान दिसलं पाहिजे, कोंडल्यासारखं वाटता कामा नये. वेळही तिनेच ठरवलेली, शेवटचा तास. म्हणजे रडलेला चेहरा घेऊन कुणाला वर्गात परत जावं लागत नाही. नव्या बाईंनी यातलं काहीच हलवलं नव्हतं.

कलतं ऊन खिडकीतून थेट डोळ्यांत घुसलं. तिने डोळे बारीक केले, मान खाली घातली. डोळ्यांना पाणी आलं.

नवी समुपदेशक एकदम गप्प झाली. कागदी रुमालांचा डबा तिने हलकेच पुढे सरकवला.

"वेळ घ्या, बाई," ती मऊ आवाजात म्हणाली.

आजीने तो आवाज ओळखला. तो तिचाच होता. मूल डोळे बारीक करून खाली बघायला लागलं की समजायचं, आपण दुखऱ्या जागेपाशी आलो. तिथे बोलायचं नाही, थांबायचं. प्रत्येक प्रशिक्षणात ती हे शिकवायची.

"अगं, रडत नाहीये मी," ती म्हणाली. "ऊन येतंय डोळ्यांवर."

"मी पण तेच सांगत होते!" नात उसळून म्हणाली. "तर मॅडम म्हणतात, रडून घे, इथे कुणी बघत नाही!"

नव्या समुपदेशिकेने वळून खिडकीकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. आधी नात फिसकन हसली, मग आजी. किती पोरं या खुर्चीत बसून गेली होती, आणि समोर ती स्वतः किती समजूतदारपणे गप्प राहिली होती. एकानेही कधी म्हटलं नव्हतं, बाई, ऊन लागतंय. पोरं पुढच्या आठवड्यात येऊन पुन्हा इथेच बसायची.

"थांबा, खुर्च्या फिरवून घेते," नवी समुपदेशक उठत म्हणाली.

"राहू द्या, मॅडम."

नातीने आपली खुर्ची उचलली, खिडकी आणि आजी यांच्या मधोमध आणून ठेवली आणि उन्हाकडे पाठ करून बसली. तिची सावली आजीच्या चेहऱ्यावर पडली. पोरीने मान थोडी इकडे केली, थोडी तिकडे. आजीचे डोळे पुरते उघडले तसं तिचं समाधान झालं.

मग मान तशीच धरून ती बोलायला लागली.