सायलीच्या वहीतले शब्द

“ह्यो शब्द कसा वाचायचा, सर?”

बद्रीनाथने कागदाची घडी उलगडून टेबलावर ठेवली. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे बॉलपेनने एकेक इंग्रजी अक्षर सुटं सुटं काढलं होतं. न वाचता येणाऱ्या माणसाने चित्र उतरवावं तसं.

“ग्लूमी,” अंगद म्हणाला. “म्हणजे उदास.”

“परवाचा बी उदासच म्हणला तुमी.”

“परवाचा सॅड होता. अर्थ साधारण सारखाच.”

“सारखाच आसता तर तिनं दुसरा कावून लिव्हला आसता?”

अंगदने हातातला पेन खाली ठेवला. बीडच्या बसस्टँडसमोर दुसऱ्या मजल्यावर त्याचा इंग्रजीचा क्लास होता. मुलाखतीत काय बोलायचं, अर्ज कसा लिहायचा, एवढंच पोरं विचारायची. सहा वर्षांत असा प्रश्न कुणी केला नव्हता.

“सॅड म्हणजे काहीतरी घडतं आणि वाईट वाटतं,” तो सावकाश म्हणाला. “ग्लूमी म्हणजे आभाळ भरून येतं, पण पडत नाही. उजेडही येत नाही. मन तसं होतं.”

बद्रीनाथने मान हलवली. “आन दिवस दिवस तसंच ऱ्हातं. कळलं.”

तो नेकनूरजवळच्या वस्तीवरचा. मेंढरं राखायचा. दोन-तीन दिवसांआड मेंढरं बायकोच्या, मुक्ताबाईच्या, हवाली करून सकाळच्या एसटीने बीडला यायचा, शब्द विचारायचा आणि लगेच परत निघायचा.

“सायली नाव पोरीचं,” पहिल्या दिवशी त्याने सांगितलं होतं. “पुण्यात शिकत व्हती. इंग्रजी घेऊन बीए. दिवाळीला घरी आली...” तो थांबला, खिडकीबाहेर बघत राहिला. “तवापासनं घरात आवाज न्हाई, सर. तिची आई तोंडाला पदर लावून रडती. पोरीची वही हाय. एका पानावर एकच शब्द. एवढी शिकवली, पर तिचं दुःख बी आपल्याला वाचता येत न्हाई.”

अंगदने पुढचं विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्याच क्लासमधल्या एका मुलीने जीव दिला होता. तिच्या वडिलांना भेटायला तो गेला, तेव्हा तेही असेच अर्ध्यात वाक्य सोडत होते.

“वहीच घेऊन या, मामा. मी सगळी वाचून देतो,” एवढंच तो म्हणाला.

“न्हाई. वही जागची हालवायची न्हाई.”

आपण हे विचारायला नको होतं, असं अंगदला वाटलं.

पुढच्या खेपेला सॉम्बर हा शब्द आला.

“गंभीर,” अंगद म्हणाला.

“गंभीर म्हंजी? हापिसात सायेब बसतो तसा?”

अंगदला हसू आलं. “तसं नाही. तेराव्याला घरातली माणसं कशी बसतात, तसं.” बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

बद्रीनाथला वाईट वाटलेलं दिसलं नाही. “आमचं घर तसंच दिसतंय आता,” तो म्हणाला आणि कागदाची घडी घालून निघाला.

मग एकदा डिस्पॉन्डंट आला. त्या शब्दासाठी अंगदने दोन शब्दकोश काढले. एकातलं मराठी त्याला पटेना, दुसऱ्यातलं बद्रीनाथला कळेना.

“आशा सुटलेला माणूस,” तो शेवटी म्हणाला.

बद्रीनाथने कागदावरच्या शब्दावर बोट ठेवलं. “कळपातनं एखादी मेंढी मागं ऱ्हाती,” तो म्हणाला. “पायाला काय न्हाई, पोटाला काय न्हाई. पर पाला टाकला तरी तोंड लावत न्हाई. तसं?”

“तसंच.”

“तिला हाकून उपेग नसतो. उचलून खांद्यावर घ्यावी लागती.”

त्या दिवशी अंगद त्याला सोडायला स्टँडपर्यंत गेला. एसटी सुटली तरी तिथेच उभा राहिला. आपल्या क्लासमधली ती मुलगी शेवटच्या बाकावर बसायची, त्याला आठवलं. तिला काय होतंय, हे आपण एकदाही विचारलं नव्हतं.

गुरुवारी बद्रीनाथ आला तो धुतलेला सदरा घालून. चेहरा खुलला होता.

“आजचा शब्द येगळा वाटतोय, सर. अक्षर बी लई नीट हाय.”

अंगदने कागद हातात घेतला. सिरीन.

“ह्याच्यापुढची पानं?”

“कोरी हायत.”

“म्हणजे हा शेवटचा.”

“हां. शेवटचा ह्योच.”

अंगदने क्षणभर विचार केला. या माणसाला घरी नेण्यासारखं काहीतरी आज आपल्या हातात आहे, असं त्याला वाटलं. त्याने खुर्ची जवळ ओढली.

“मामा, सिरीन म्हणजे शांत. आत काहीच हलत नाही इतकं शांत. आमच्या क्लासची एक मुलगी गेली, तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. एकदा मनाशी ठरवलं की शेवटच्या दिवशी अशी माणसं शांत होतात. हसून बोलतात. सायलीलाही जाताना त्रास नव्हता. एवढं मनाशी धरा.”

बद्रीनाथ खुर्चीत पुढे सरकला.

“जाताना? कुठं जाताना?”

अंगदने हातातला कागद टेबलावर ठेवला.

“सर, पोरगी घरीच हाय. कुणाशी बोलत न्हाई, निस्ती लिव्हती. ती न्हायला गेली की मी गपचिप वही बघतो. ह्यो शब्द आज सकाळचा हाय.” बद्रीनाथच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. “आज तर सोताहून चहा केला तिनं. आन मी निघालो तवा माझ्या पाया पडली.”