मार्कचं शेवटचं पान

टेनेसीच्या डोंगरातल्या आमच्या छोट्याशा चर्चमध्ये, रविवारच्या प्रार्थनेत, पाद्री ऑरव्हिलला त्याच्या हातातला साप मनगटावर चावला. चाळीस वर्षं तो साप धरूनच उपदेश करत आला होता, कारण बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात शेवटी तसं लिहिलंय: विश्वास ठेवणारे साप उचलतील. दुपारपर्यंत त्याचा हात खांद्यापर्यंत काळानिळा पडला.

शहरात धर्मशास्त्र शिकवणारी त्याची मुलगी डेलिया धावत आली. आल्या आल्या तिने फोन काढला.

“अँब्युलन्स बोलावते, बाबा. अजून वेळ गेलेली नाही.”

“नको. देवाचं वचन आहे.”

“सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ती ओळच नाही हो! मागाहून कुणीतरी जोडलीय. मी स्वतः मूळ ग्रीकमध्ये तपासलंय.”

“चुलीत घाल तुझं ग्रीक.”

“देव आहे ना तुमचा? मग तो एका ओळीवाचून अडतो का?”

ऑरव्हिलने खाटेवरून मान तिच्याकडे वळवली.

“क्लेटनला साप चावला तेव्हा तू कॉलेजात होतीस,” तो म्हणाला. “तुझा भाऊ तीनदा म्हणाला, बाबा, मला दवाखान्यात न्या. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. पहाटे तो गेला. आता नीट सांग पोरी, ती ओळ देवाची आहे की नाही?”

डेलियाने फोन पर्समध्ये ठेवला.

“देवाचीच आहे, बाबा,” ती म्हणाली. “माझंच वाचण्यात चुकलं असेल.”