कोरी चरबी

दिवेलागणीला वाशिमच्या कॉलेजात देवमन सर सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. पेशी चरबी कुठे साठवतात ते पाहण्यासाठी पुण्याहून चमकणाऱ्या चरबीची कुपी आली होती. तिचं सील अजून शाबूत होतं. आधी तुलनेसाठी त्यांनी शेजारी उभ्या सैफुद्दीन खाटकाने आणलेली बोकडाची साधी चरबी काचेवर ठेवली.

जांभळ्या दिव्याखाली तिचे थेंब निळे चमकले.

"या बोकडाले काय चारलं होतं?"

"पालाच, सर."

तेवढ्यात गावातली लाईट गेली. दिवा विझला की चमकही विझायला हवी. थेंब विझले नाहीत.

"बाकीचं मटन कोनाले देल्लं?"

"तुमच्याच घरी. लेकरं दुपारीच जेवले."

देवमन सरांनी खिडकीतून समोरच्या आपल्या घराकडे पाहिलं. काळोख्या ओसरीवर तोच निळा उजेड दोन ठिकाणी उभा होता, लेकरांच्या पोटाच्या उंचीवर.