चौथ्या घरातली काच

चौथ्या घराचं आज वहीत काही लिहायचंच नाही, असं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं. पेनाला टोपण लावून झालं होतं. मग सहज बोट काचेवर फिरलं आणि तिथंच घोळ झाला.

काच म्हणजे बोटभर लांबीची पट्टी. गल्लीतल्या सात घरांच्या भिंतींना एका रेषेत तडे गेले होते आणि प्रत्येक तड्यावर त्यानं अशी एकेक पट्टी आडवी चिकटवली होती. जमीन केसभर सरकली तरी काच फुटणार. काच फुटली की घर रिकामं करायचं, हा ऑफिसचा नियम. तो भूकंपांचा अभ्यास करायचा. खोल खाली दोन प्लेटा एकमेकींना घासतात, त्यांच्यामधली भेग नेमकी कुठून जाते ते हुडकत फिरायचा. गल्ली त्याला 'भूकंप' म्हणायची, तेही तोंडावर.

आज सकाळपासून त्यानं सहा घरं पाहिली. सहाही काचा फुटलेल्या. सहाही घरांत बांधाबांध सुरू झाली. रेषेतलं मधलं, चौथं घर त्याच्या मित्राचं, फोटोंना फ्रेम लावणाऱ्याचं. ते तो नेहमी शेवटी ठेवायचा, चहासाठी. आणि तिथली काच ठणठणीत.

"लिही की," फ्रेमवाला म्हणाला. "अखंड. दर महिन्याला लिहितोस तसं."

"जमीन काय तुझ्या घराला वळसा घालून गेली?"

"आईला घाबरली असेल."

भूकंप हसला. मग त्यानं पुन्हा काचेकडे बघितलं. शेगडीच्या वर हातभर अंतरावर ती पट्टी, आठ महिने तेलाचा धूर खात बसलेली. त्यानं शेजारच्या भिंतीला बोट लावलं, तर चिकटलं. काचेवर फिरवलं, तर नुसतं कुईं वाजलं.

"ही पुसतोस का रे तू?"

"आई पुसते."

"काकूंना कूस बदलायला दोन माणसं लागतात. त्या उठून इथं येतात, आणि सगळी भिंत सोडून तेवढी काच पुसतात?"

फ्रेमवाला चहा ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

कुठंतरी पाणी मुरत होतं. काचेच्या कोपऱ्यात मार्करनं घातलेली आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती, भूकंपाच्याच अक्षरात. जरा जास्तच त्याच्या अक्षरात. या सातही पट्ट्या फ्रेमवाल्यानंच कापून दिल्या होत्या. आठवी कापायला त्याला किती वेळ लागणार?

हे लिहायचं कसं? शाळेपासूनचा मित्र. आणि न लिहावं, तर मधली काच शाबूत म्हणजे भेग सलग नाही. सलग नाही म्हणजे धक्का छोटा. ऑफिस सुटकेचा श्वास सोडणार आणि सगळी वस्ती निवांत झोपणार, या एवढ्याशा काचेच्या भरवशावर.

"खरं सांग. बदललीस?"

"शपथ घेऊ?"

"घे."

फ्रेमवाल्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला, "काय रे, परत फुटली का ती काच?"

चहा उतू गेला. दोघांपैकी कुणी शेगडी बंद केली नाही.

"परत?" भूकंप म्हणाला. "किती वेळा?"

फ्रेमवाल्यानं मग कामाच्या टेबलाखालून बिस्किटांचा जुना डबा ओढला. आत वर्तमानपत्राच्या तीन पुड्या. प्रत्येकीत एक फुटकी पट्टी. पहिलीवर भूकंपाचं अक्षर होतं, खरंखुरं. आणि तिन्हींवर खाली फ्रेमवाल्याच्या वाकड्या अक्षरात फुटल्याचा दिवस, वेळसुद्धा. एकीवर लिहिलं होतं, 'सकाळी सव्वासात, आईला औषध देताना.'

भूकंपानं त्या तारखा दोनदा वाचल्या. बाकीच्या काचा या महिन्यात फुटल्या. इथली पहिली फुटून सहा महिने झाले होते. जमीन इथूनच सरकायला लागली होती, याच ओट्याखालून. आणि तो याच ओट्याला टेकून चहा पीत होता, 'अखंड' लिहीत होता. बोट लावून बघायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं.

"लपवायच्याच होत्या, तर ठेवल्यास कशाला?"

"फेकवेनात. तुझं काम ना ते." फ्रेमवाला खाली बघून म्हणाला. "आई म्हणते, मला हलवलंत तर मी वाटेतच जाईन. मी काय करू? बोललो खोटं. पण तारखा खऱ्या आहेत."

भूकंपानं पेनाचं टोपण काढलं. चौथ्या घरासमोरचा एकेक 'अखंड' खोडत मागं गेला. सहा महिने मागं. मग तिन्ही तारखा उतरवल्या, सव्वासातसकट. शेवटी आजची तारीख घातली आणि पुढं लिहिलं, 'काच बदललेली.'

"म्हणजे आम्हालाही काढणार."

"हो."

"कधी?"

"आजच. बाकीच्यांबरोबर."

आतून म्हातारी ओरडली, "आणि मला उचलणार कोण, मेल्यांनो? हा एकटा तर मला उंबऱ्यातच पाडेल!"

भूकंपानं फ्रेमवाल्याच्या हातातला डबा हळूच काढून घेतला आणि आपल्या पिशवीत ठेवला.

"पलंगाची डोक्याकडची बाजू माझी," तो मित्राला म्हणाला. "पोचेपर्यंत खाली टेकवणार नाही. वचन."