दोन रंगांचा मफलर

ज्या बाजूला झेपावणार, त्या बाजूची टाच मी नकळत आधी उचलतो. ही खोड फक्त बाबांना ठाऊक होती. अंगणात चेंडू मारून मारून त्यांनीच मला गोलकीपर बनवलं. आज अंतिम सामना त्यांच्या देशाशी होता आणि मी आईच्या देशाकडून खेळत होतो. बाबा प्रेक्षकांत होते, आईने दोन्ही संघांच्या रंगांत विणलेला मफलर गुंडाळून. निकाल पेनल्टीवर गेला. त्यांचा प्रत्येक खेळाडू माझ्या पायांकडे बघत धावत आला आणि विरुद्ध बाजूला गोल मारून गेला. आमचेच प्रेक्षक ओरडले, “फितूर! बापाला जिंकवलंस!” ड्रेसिंग रूममध्ये बाबा आले. “टाचेचं त्यांना तुम्ही सांगितलंत?” बाबांनी टेबलावरची बँडेज कापायची कात्री उचलली, मफलर मधोमध कापला आणि आईच्या रंगाचा तुकडा माझ्या ग्लोव्हजवर टाकला. “तू संघ निवडलास, तेव्हा मला विचारलं होतंस?”