चिमणीच्या दाताने

“या विषाणूची जगात कुठेच नोंद नाही,” प्रयोगशाळेच्या पडद्यावरच्या जनुकीय अक्षरांवर बोट ठेवत डॉ. लोबो म्हणाल्या. “फक्त दोन नमुन्यांत सापडलाय. एक तुझ्या ताईच्या घशातला, जपून ठेवलेला. दुसरा, तुलनेसाठी घेतलेला, तुझा.”

ताईला जाऊन चार वर्षं झाली होती. कुंदाला लिमलेटची गोळी आठवली. उष्टं खायचं नाही, हा घरचा नेम. म्हणून ताई गोळी फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दाताने तोडायची आणि मोठा तुकडा कुंदाला द्यायची. मध्ये फ्रॉक असला की उष्टं होत नाही, अशी दोघींची खात्री.

कुंदाने टाळूवरून जीभ फिरवली.

“घाबरू नकोस गं, त्रास नाही देत तो.”

“ते ठीक. पण जाणार तर नाही ना?”